‘आंदोलनात जाते, उद्या गुन्हा दाखल झाला तर?’

समुपदेशनाच्या कामात काही फोन ठरलेले असतात. दहावी-बारावीच्या निकालानंतरचे वेगळे, लग्नसराईतले वेगळे. गेल्या काही वर्षांत त्यांत एका फोनची भर पडली आहे. पलीकडे बहुतेक वेळा वडील असतात. ‘मॅडम, मुलगी हुशार आहे हो, पण सध्या त्या झाडंबिडं वाचवण्याच्या नादाला लागलीय. जरा समजावून सांगाल का?’ मुलगा असला तरी वाक्य हेच, फक्त सूर जरा कमी घाबरलेला.

हे फोन मुंबईतल्या आरे जंगलाच्या आंदोलनानंतर वाढले. ४ ऑक्टोबर २०१९ला मुंबई उच्च न्यायालयाने मेट्रो कारशेडच्या विरोधातल्या याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री आरेत झाडं तोडायला सुरुवात झाली. अडवायला धावलेल्यांपैकी २९ जणांना अटक झाली. त्यांत विद्यार्थीही होते. सरकारी कामात अडथळा आणल्याची कलमं लागली, जमावबंदी लागू झाली. पोलिसांच्या गाडीत बसवली जाणारी ती पोरं टीव्हीवर दिवसभर दिसत होती. पुढे ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली (तोवर २,१४१ झाडं पडली होती), आणि डिसेंबरमध्ये नव्या सरकारने हे गुन्हे मागे घेण्याची घोषणा केली. पण आईवडिलांच्या डोक्यात राहिली ती पोलिसांची गाडी. घोषणेची बातमी कोणाला आठवत नाही.

इथे सांगते आहे ती गोष्ट पुण्यातल्या एका घराची. नावं देत नाही, ओळख पटेल असे तपशीलही बदलले आहेत, आणि घरच्यांनी वाचून होकार दिल्यावरच लिहिते आहे. मुलगी वीस वर्षांची, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. बाबा चाकणच्या एका कारखान्यात प्रॉडक्शन प्लॅनिंगला. आई पतपेढीत. घरात आजी. मुलीला पुढे शिकायला बाहेर पाठवायचं हे चौघांनाही मान्य होतं.

तिची सुरुवात २०२३च्या एप्रिलमध्ये झाली. वेताळ टेकडी वाचवा म्हणून हजारो पुणेकर मोर्चाला उतरले होते, तेव्हा ही बारावीची परीक्षा देऊन मोकळी होती. बालभारतीपासून पौड फाट्यापर्यंत टेकडीच्या उतारावरून साधारण दोन किलोमीटरचा रस्ता काढायचा, असा महापालिकेचा जुना प्रस्ताव आहे. लॉ कॉलेज रस्त्याची कोंडी फुटेल असं एका बाजूचं म्हणणं. टेकडी फोडली की जमिनीत मुरणारं पाणी, मोर, झाडं सगळंच जाईल आणि कोंडी आहे तिथेच राहील, हे दुसऱ्या बाजूचं. त्या मोर्चात आजी-आजोबाही चालत होते, म्हणून बाबांनी तेव्हा आडकाठी केली नव्हती. रस्ता हवा की नको, हे ठरवणं माझ्या खोलीतलं काम नाही. मला मत आहे, पण ते मी मतदानाला जाताना बरोबर नेते, सेशनला नाही.

पहिल्या भेटीत बाबाच बोलत होते. ‘आम्ही काय निसर्गाच्या विरोधात नाही. मी स्वतः वीस वर्षं टेकडीवर फिरायला जातोय. पण टेकडी सगळ्या गावाची ना, मग आमच्याच पोरीने का?’ मुलगी हाताची नखं कुरतडत होती. आईने मध्येच एक वाक्य टाकलं, ‘ती झोपत नाही हो.’ आणि मला वाटतं, त्या तासाभरात कामाचं बोलणं तेवढंच झालं.

कारण झोप खरंच उडाली होती. रात्री दोन-अडीचपर्यंत मोबाईल. कुठे डोंगर फोडल्याचा व्हिडिओ, कुठे पूर, कुठे उष्माघाताने दगावलेली माणसं. सकाळचं लेक्चर बुडायचं. घरात तिने बारीकसारीक कायदे केले होते. आजीने दुधाची पिशवी धुऊन न वाळवता टाकली की भांडण. बाबांनी शनिवारी कार काढली की भांडण. मावसबहिणीच्या केळवणाला ती गेलीच नाही, कारण तिथे थर्माकोलच्या प्लेटा असणार. बाबांच्या हिशेबाने हे सगळं ‘त्या ग्रुपमुळे’, म्हणजे टेकडी वाचवायला ती ज्यात शिरली होती त्या गटामुळे. ग्रुप सोडला की पोरगी पूर्वीसारखी होईल.

तिला एकटीला भेटले तेव्हा ती वेगळं सांगत होती. ‘मी एक दिवस जरी थांबले आणि नेमकं त्याच दिवशी काही झालं, तर?’ जणू अख्खी टेकडी तिच्याच नावावर करून दिली होती. या वयातल्या मुलांकडून मी हे खूपदा ऐकते. आपल्यामुळे काही होत नाही याचं दुःख आणि सगळं आपल्यामुळेच बिघडेल याची धास्ती, दोन्ही एकाच वेळी.

कोण बरोबर हे मी सांगण्यापेक्षा वही सांगेल, म्हणून तिला नोंदी ठेवायला दिल्या. फार काही नाही: झोपायची वेळ, त्याआधी तास-दोन तास काय करत होते, आणि झोपताना मनाला दहापैकी किती मार्क. दोन आठवड्यांनी वही घेऊन आली तेव्हा पानं बघून तीच म्हणाली, ‘हे मला माहीत नव्हतं.’ ज्या रात्री मार्क दोन-तीन, त्या रात्री ती एकटी होती, हातात मोबाईल होता. ज्या दिवशी सात-आठ, त्या दिवशी ग्रुपबरोबर काहीतरी केलेलं होतं. एका रविवारी आठ जणांनी मिळून टेकडीच्या एका पट्ट्यातली झाडं मोजली, कुठलं झाड, बुंध्याचा घेर किती, हे टेपने मोजून फॉर्मात भरलं, मग खाली येऊन मिसळ खाल्ली. त्या रात्री ती साडेदहाला झोपली होती. बाबांना मी ते पान दाखवलं (तिला विचारून). ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, ‘मिसळीचा परिणाम असेल.’ विनोद होता, पण वही त्यांनी परत दिली नाही, घरी घेऊन गेले.

या विषयावर संशोधन आहे, ते पालकांना मी थोडक्यात सांगते. २०२१मध्ये ‘लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ’मध्ये दहा देशांतल्या १६ ते २५ वयाच्या दहा हजार तरुणांची पाहणी आली. भारतही त्या दहांत होता. ५९ टक्के मुलांना हवामान बदलाची खूप किंवा अतिशय काळजी वाटत होती, आणि ४५ टक्क्यांनी सांगितलं की ही काळजी रोजच्या जगण्यात, म्हणजे खाणं, झोप, अभ्यासात आडवी येते. तेव्हा ‘आमच्याच पोरीला हे काय झालंय’ असं नाही. दुसरा अभ्यास २०२२चा, अमेरिकेतल्या २८४ विद्यार्थ्यांवरचा. ज्यांची काळजी रोजच्या कामांत अडथळा आणण्याइतकी वाढली होती, त्यांच्यात नैराश्याची लक्षणंही जास्त दिसली. पण जी मुलं गटाने काही करत होती, त्यांच्यात मनातली काळजी आणि नैराश्य यांचा संबंध सैल होता. एकट्याने घरी केलेल्या गोष्टींचा, म्हणजे वीज वाचव, प्लास्टिक टाळ, याचा तसा उपयोग दिसला नाही. अभ्यास लहान, परदेशातला, आणि त्यातून कारण-परिणाम सिद्ध होत नाही, हेही मी सांगते. पण माझ्या खोलीत जे दिसतं त्याच्याशी तो जुळतो. दुधाच्या पिशवीवरून आजीशी भांडणाऱ्या पोरीला ओझं एकटीच्या डोक्यावर वाटतं. आठ जणांनी टेप धरली की ते आठांत वाटलं जातं.

म्हणजे ग्रुप सुटला असता, तर उरला असता फक्त मोबाईल. हे बाबांना पटायला वेळ लागला, आणि पूर्ण पटलं असं मी म्हणणार नाही.

त्यांची भीती मात्र मी हसण्यावारी नेली नाही. ‘काही होत नाही हो’ असं म्हणणारे कार्यकर्ते मला आवडत नाहीत. होतं. प्रश्न काय होतं आणि किती होतं, याचा आहे. बाबांच्या मनात अटक, कोर्ट, पासपोर्ट, नोकरी, लग्न हे सगळं एकाच पोत्यात कोंबलेलं होतं. आम्ही ते पोतं ओतून एकेक वस्तू वेगळी केली. कायद्याचं मी स्वतःच्या मनाने सांगत नाही, म्हणून एका वकील मैत्रिणीला अर्धा तास बोलावलं होतं. तिने सांगितलं ते असं.

पोलिसांनी ताब्यात घेणं, गुन्हा दाखल होणं, दोषारोपपत्र जाणं आणि शिक्षा होणं, या चार निरनिराळ्या गोष्टी आहेत. धरणं-निदर्शनांत बहुतेक वेळा पहिलीच घडते. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या ६८-६९ कलमांखाली उचलतात, चौकीत बसवतात, नावं लिहून घेतात, संध्याकाळपर्यंत सोडतात. शांततेने, शस्त्राविना जमणं हा घटनेच्या १९व्या कलमातला हक्क आहे, पण जमावबंदीचा आदेश असताना जमलं तर तो आदेश मोडल्याचा गुन्हा होऊ शकतो. म्हणून निघण्याआधी आदेश लागू आहे का, हे बघायचंच. पोलिसांशी धक्काबुक्की झाली की मात्र प्रकरण वेगळं वळण घेतं. सरकारी कामात अडथळ्याचं कलम, पूर्वीचं भारतीय दंडविधानाचं ३५३, आता भारतीय न्याय संहितेचं १३२, हे अजामीनपात्र आहे. आरेत तेच लागलं होतं. सूर्यास्तानंतर बाईला अटक करायची तर अपवादात्मक कारण, दंडाधिकाऱ्यांची परवानगी आणि महिला पोलीस लागतात. अटक झालीच तर चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांसमोर उभं करावं लागतं.

पासपोर्टचं बाबांनी तीनदा विचारलं. नुसता एफआयआर आणि चालू तपास म्हणजे पासपोर्ट कायद्यातला ‘न्यायालयात प्रलंबित खटला’ नव्हे, हे परराष्ट्र मंत्रालयाने २०१९मध्ये स्पष्ट केलं आहे. खटला खरोखर उभा राहिला तरी कोर्टाची परवानगी घेऊन पासपोर्ट मिळण्याची सोय १९९३च्या अधिसूचनेत आहे. कटकट आहे, खेपा आहेत, पण दार बंद नाही. सरकारी नोकरीच्या फॉर्मात अटक किंवा खटल्याचा रकाना असतो. तिथे खरं लिहायचं. किरकोळ गुन्ह्यापेक्षा तो लपवल्याने नोकरी जाण्याची शक्यता जास्त. राजकीय-सामाजिक आंदोलनांतले खटले मागे घेण्याचे शासन निर्णयही महाराष्ट्रात वेळोवेळी निघतात, पण त्यावर विसंबून दगड उचलायचा नसतो, असं वकीलबाई कोरडेपणाने म्हणाल्या.

लग्नाचा मुद्दा वकीलबाईंनी माझ्याकडे ढकलला. आईच म्हणाली, ‘झाडं वाचवली म्हणून जे नाही म्हणतील, ते घर आपल्याला नकोच.’ बाबा गप्प बसले. तो विषय पुन्हा निघाला नाही.

मग घरात एक करार झाला. कागदावर लिहिलेला, चौघांच्या सह्यांचा. (आजीनेही केली. तिची अट एकच: दुधाच्या पिशवीवरून ओरडायचं नाही.) मुलीने कुठे जाणार, कोणाबरोबर आणि जमावबंदी आहे का, हे निघण्याआधी आईला सांगायचं. वकिलांचा आणि आईचा नंबर मनगटावर पेनाने लिहायचा, कारण मोबाईल काढून घेतला तर एकही नंबर पाठ नसतो. परीक्षेच्या आठवड्यात धरणं नाही. रात्री अकरानंतर मोबाईल बाहेरच्या खोलीत, आणि हा नियम बाबांनाही. घोषणा द्यायच्या नाहीत, असं बाबांचं एक कलम होतं. ते मुलीने खोडलं, ‘मग मी तिथे काय पत्ते खेळू?’ त्यावर पाऊण तास गेला. शेवटी ‘अपशब्द नाहीत’ यावर तडजोड झाली.

आंदोलन म्हणजे रस्त्यावर बसणं, एवढंच लोकांना दिसतं. बरंचसं काम कागदाचं असतं आणि त्यात कुठलीही जोखीम नसते. याच सुमारास त्यांच्या सोसायटीजवळ रस्तारुंदीसाठी काही झाडांवर नोटिसा लागल्या. एका जुन्या वडाच्या खोडाला प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला कागद खिळ्याने ठोकलेला. वृक्ष अधिकाऱ्यांची सही, झाडांचा तपशील, आणि हरकती सात दिवसांत. १९७५च्या झाडांच्या संरक्षणाच्या कायद्यातच ही तरतूद आहे. मुलीने रात्री बसून हरकतीचं पत्र लिहिलं. दोन पानं, त्यात ‘निषेध’ सहा वेळा, ‘येणाऱ्या पिढ्या’ चार वेळा.

बाबांनी ते वाचलं आणि त्यांच्यातला ऑफिसचा माणूस जागा झाला. ‘याला कोण उत्तर देणार? विषय कुठंय? संदर्भ कुठंय? नोटिशीचा जावक क्रमांक टाक आधी.’ रात्री दीडपर्यंत दोघं बसली होती म्हणे (करारातला अकराचा नियम त्या दिवशी दोघांनी मिळून मोडला). पत्र एका पानावर आलं. ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ने सुरुवात, खाली मुद्दे: झाडांचे घेर मोजून काढलेले, नोटिशीत एक झाड चुकीच्या नावाने नोंदलेलं, वडाचं वय पन्नासच्या वर असल्यास २०२१च्या दुरुस्तीप्रमाणे तो ‘प्राचीन वृक्ष’ ठरतो तर त्याची वेगळी छाननी झाली का, आणि सुनावणीस प्रत्यक्ष म्हणणं मांडण्याची संधी मिळावी. निषेध एकदाही नाही. पोच घेतलेल्या प्रतीची बाबांनी झेरॉक्स काढून फाईलला लावली. सोसायटीतल्या आणखी लोकांनी तोच मसुदा वापरला. खाली स्वतःचं नाव घालायला मात्र बाबा तयार झाले नाहीत. पत्र मुलीच्या नावाने गेलं. मी आग्रह केला नाही. किती पुढे जायचं, हे ज्याचं त्याने ठरवायचं असतं, वडिलांनीसुद्धा.

ज्याची धास्ती होती, तेही झालं. काही महिन्यांनी एका धरण्यातून मुलीसह काही जणांना पोलिसांनी उचललं. मनगटावर नंबर होता, मैत्रिणीने आईला फोन केला. आई पतपेढीतून अर्ध्या दिवसाची रजा टाकून चौकीवर गेली. बाहेर बाकावर आणखी तीन-चार मुलांचे पालक बसले होते. कोणीतरी चहा मागवला. सहाच्या सुमारास नावं-पत्ते लिहून सगळ्यांना सोडलं. गुन्हा नाही.

बाबा चौकीवर गेले नाहीत. रात्री घरी मोठं वाजलं आणि दुसऱ्या दिवशी मला फोन. ते ज्या गोष्टीवर चिडले होते ती ऐकून मला बरं वाटलं. ती पकडली गेली, यावर त्यांचा राग नव्हताच. जमावबंदीचा आदेश आदल्या दिवशीच निघाला होता, तिला माहीत होता आणि तिने आईला सांगितलं नाही, यावर होता. ते बरोबर होते. मी मुलीला तसंच सांगितलं. ‘सांगितलं असतं तर जाऊ दिलं नसतं,’ असं ती म्हणाली. शक्य आहे. पण मग करार बदलायला बसायचं, परस्पर मोडायचा नाही. ती त्या सेशनला माझ्यावर नाराज होऊन गेली आणि पुढचं सेशन तिने चुकवलं.

परत आली ती वेगळाच प्रश्न घेऊन. वडाच्या सुनावणीत काही झाडं वाचली होती, काही गेली होती. ‘एवढं करून झाडं पडणारच असतील, तर कशाला?’ या प्रश्नाला मी उत्तर देत नाही. तिथे अनुभवी माणूस लागतो. आईचं माहेर गोव्याचं. मुलीचा मामा १ नोव्हेंबर २०२०च्या रात्री चांदरच्या रेल्वे फाटकापाशी जमलेल्या त्या हजारो लोकांत होता. मोलेच्या अभयारण्यातून जाणारा रेल्वेमार्ग दुपदरी करण्याविरुद्ध लोक रात्रभर रुळांजवळ बसले होते. पुढे त्यांतल्या काहींवर गुन्हेही दाखल झाले. मी तिला मामाशी बोल म्हटलं.

मामा लांबलचक बोलणारा नाही. त्याने सांगितलं की त्या रात्रीनंतर दीड वर्ष काहीच होत नव्हतं. तो दुकान चालवत होता, मध्ये करोनाची दुसरी लाट येऊन गेली, ग्रुपवर भांडणं झाली, काही जणांनी बोलणं टाकलं. २०२२च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने कॅसलरॉक ते कुळे या टप्प्याची वन्यजीव मंडळाची मंजुरी रद्द केली, तेव्हा तो दुकानात गिऱ्हाईकाला सुट्टे पैसे देत होता. चांदरच्या बाजूचं सगळं त्याच्या मनासारखं झालं, असंही नाही. आणि आरेचं तर आपण पाहिलंच: आंदोलनानंतर सुमारे आठशे एकर राखीव वन झालं, पण कारशेड शेवटी तिथेच उभी राहिली. एप्रिल २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८४ झाडांच्या परवानगीपेक्षा जास्त झाडं तोडायची मागणी केली म्हणून मेट्रो महामंडळाला दहा लाखांचा दंड लावला, आणि त्याच वेळी १७७ झाडं काढायला परवानगीही दिली. यातला निकाल जिंकलो की हरलो या रकान्यात बसत नाही. मामाने तिला एवढंच विचारलं, ‘तू दर आठवड्याला किती वेळ देऊ शकतेस, अभ्यास सांभाळून? तेवढाच दे. सगळा दिलास तर सहा महिन्यांत पळून जाशील. आमच्यातले पळाले.’

तिने रविवारची सकाळ ठरवली. सेमिस्टरच्या काळात तीही नाही. झोप बाराच्या आत आली. केळवणं चालू झाली, स्वतःचं ताट घेऊन जाते, त्यावरून नातेवाईक हसतात, तेवढं चालतं म्हणते.

सगळ्यांचंच इतकं सुरळीत होत नाही. झोप-जेवण आठवडेच्या आठवडे बिघडलेलं असेल, कॉलेज सुटलं असेल, जगण्यात अर्थ नाही अशी भाषा येत असेल, तर ग्रुप असो-नसो, मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावं. १४४१६ हा टेली-मानसचा नंबर चोवीस तास चालू असतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं.

पर्यावरणाच्या गटांना मात्र एक गोष्ट मी आता न विचारता सांगते. मुलं तुमच्याकडे येतात तेव्हा ती घरून भांडून आलेली असतात. त्यांना पहिल्याच दिवशी घोषणा शिकवण्याऐवजी वकिलांचा नंबर, जमावबंदी कशी बघायची ते, आणि ‘आज नाही येऊ शकत’ म्हणायची मुभा द्या. या मुलीच्या गटाने तिच्याच सांगण्यावरून नव्या मुलांच्या आईवडिलांसाठी टेकडीवर एक फेरी ठेवायला सुरुवात केली आहे. निम्मे पालक येत नाहीत. जे येतात त्यांतले बरेचसे मुलं सांगतात तो वृक्षपरिचय सोडून आपसात पासपोर्टचीच चर्चा करतात, आणि तिथे उत्तरं द्यायला हल्ली हिचे बाबा असतात.